अपडेट होऊ द्या, पण वार तुम्ही ठरवा

पत्र

«गुहागर तालुक्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. एक डेस्कटॉप, एक जुना लॅपटॉप, प्रिंटर, ठसे घ्यायचं मशीन आणि नेट माझ्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते. त्या दिवशी दोन मुलांच्या नॉन-क्रीमी लेयरच्या अर्जांची घाई होती. सकाळी डेस्कटॉप लावला तर पडद्यावर गोल फिरतंय आणि खाली 'अपडेटचं काम चालू आहे, संगणक बंद करू नका'. तीस टक्क्यांवर थांबलं ते थांबलंच. बाहेर रांग. एक आजोबा म्हणाले, 'काय गो बाय, तुजा कंपूटर अजून उठला नाय?' सगळे हसले, मला मात्र रडू येत होतं. त्यात लाईट गेली. आली तेव्हा 'बदल मागे घेत आहोत'. एकदाचं सगळं सुरू झालं तर ठशांचं मशीन ओळखेना, आणि दुपारीच दिवसाचा डेटा संपल्याचा मेसेज. संगणक माझा, लाईटबिल माझं, नेटचे पैसे माझे, मग मलाच न विचारता हे कोण करतं? माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, 'मावशी, अपडेट कायमचं बंद करून टाकतो.' करू देऊ का? लॅपटॉपवर विंडोज 10 आहे, तो कधीच त्रास देत नाही. सगळं काम त्याच्यावरच घ्यावं असं वाटायला लागलंय. आणि रांगेतल्या माणसांना काय सांगायचं?»
— एक केंद्रचालक

उत्तर

ताई, आधी भाच्याला फोन करून थांबवा. बाकी गोष्टी सावकाश बोलू, ही नाही, कारण गणपतीला गावी येताना तो पेन ड्राइव्हमध्ये कसलंसं 'अपडेट ब्लॉकर' घेऊन येणार आणि आरतीनंतर अर्ध्या तासात काम उरकून मोकळा होणार.

तुमचा राग मात्र शंभर टक्के रास्त आहे, आणि तो तुमच्या एकटीचा नाही. विंडोज 7 मध्ये 'आधी मला विचारा, मग उतरवा' असा सरळ पर्याय होता. 2015 च्या 29 जुलैला विंडोज 10 आलं आणि त्याच्या होम आवृत्तीतून तो पर्यायच गेला. पुढच्या वर्षी तर कहर झाला. जुन्या विंडोजवाल्यांना 'फुकट 10 घ्या' म्हणून एक चौकट सारखी यायची. 2016 च्या मे महिन्यात तिची रचना अशी केली की कोपऱ्यातली लाल फुली दाबून ती बंद केली, तरी ठरलेल्या वेळेचं अपग्रेड कायम राहायचं. फुली म्हणजे 'नको', हे बालवाडीतल्या पोराला कळतं. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हलचा धंदा करणाऱ्या एका बाईंचा संगणक असाच न मागता बदलला आणि कामाचा राहिला नाही. बाई तुमच्यासारख्या नुसत्या चिडून बसल्या नाहीत, कोर्टात गेल्या. 10,000 डॉलर भरपाई मिळाली आणि मायक्रोसॉफ्टने अपीलही सोडून दिलं.

तेव्हापासून कंपनीने दोर थोडा सैल केलाय. 2019 च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून होमवाल्यांनाही अपडेट 35 दिवसांपर्यंत थोपवता येतं. हे बहुतेकांना माहीतच नसतं, कारण ते सांगायला कुठली चौकट येत नाही.

आता तुमच्याकडे नेमकं काय झालं ते बघू. विंडोजची सगळी मांडणी असं धरून केलेली आहे की संगणक रात्री चालू असतो, लाईट जात नाही आणि नेट हवं तेवढं असतं. माणसं झोपली की फाइली उतरवायच्या, बसवायच्या, पहाटे रीस्टार्ट करायचा, सकाळी साहेब कामाला बसले की सगळं तयार. आपल्याकडे संध्याकाळी शटर ओढतानाच मेन स्विच खाली जातो. पावसाच्या तोंडावर विजा कडाडायला लागल्या की प्लगसुद्धा काढून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. एका कडाक्यात मोडेम आणि मदरबोर्ड दोन्ही गेल्याची उदाहरणं तुमच्या वाडीतसुद्धा सापडतील. पण मग त्या बिचाऱ्या विंडोजला तिची रात्र मिळतच नाही. काम तुंबत जातं. दिवसा तुमच्या हॉटस्पॉटवरून ती गुपचूप उतरवत राहते (तुमचा डेटा तिथे गेला), आणि बसवायचं काम पुढच्या बंद-चालूवर ढकलते. तुमचं बंद-चालू कधी? सकाळी, रांग लागलेली असताना.

यात आणखी एक गंमत आहे. ही महिन्याची अपडेटं वाट्टेल तेव्हा येत नाहीत. 2003 पासून मायक्रोसॉफ्टचा रिवाज आहे: दर महिन्याचा दुसरा मंगळवार. तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्र, साडेदहा-साडेअकराचा सुमार. म्हणजे आपल्या दारात ते बुधवारी सकाळी उभं असतं. कॅलेंडरवर दुसऱ्या मंगळवारी पेन्सिलीने खूण करून ठेवलीत, तर पाहुणा कधी येणार ते आधीच कळलं.

मग सरळ बंदच का करू नये? 2017 मध्ये 14 मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या सुरक्षेतलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. ज्यांनी ते घेतलं त्यांचा विषय संपला. ज्यांनी 'नंतर बघू' म्हटलं त्यांच्यावर 12 मे रोजी वॉनाक्राय नावाचं घातक सॉफ्टवेअर आलं. सुमारे दीडशे देशांत लाखोंच्या संख्येने संगणक कुलूपबंद झाले, फाइली सोडवायच्या तर खंडणी द्या. मध्ये दोन महिने होते. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, नॉटपेट्या नावाचं त्याचंच भावंड आलं आणि ते आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचलं. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचे संगणक ठप्प झाले, कंटेनरचं काम हाताने करायची वेळ आली. भोक तेच, मार्चमधलं. शिवाय पासवर्ड चोरून पसरण्याची आणखी एक युक्ती त्याच्याकडे होती, त्यामुळे एका न बुजवलेल्या संगणकावरून शेजारचे धडधाकट संगणकही गेले.

भाचा हुशार असेल तर इथे तुम्हाला पकडेल. म्हणेल, 'मावशी, नॉटपेट्या शिरलं कसं ते विचार की!' खरं आहे. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच ते शिरलं होतं. अपडेट म्हणजे गंगाजल असं मी म्हणत नाही. 2017 च्या नोव्हेंबरातल्या विंडोज अपडेटनंतर एप्सनचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मुके झाले होते. 2018 च्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच उडवल्या. कंपनीला ते मागे घेऊन पुढच्या महिन्यात नव्याने द्यावं लागलं. 2021 च्या मार्चमध्ये छापायची आज्ञा दिली की निळा पडदा येऊन संगणक बंद, असा प्रकार काही कंपन्यांच्या प्रिंटरांवर झाला. म्हणून मी म्हणते, पहिल्या दिवशी घेऊ नका. चार-पाच दिवस थांबा. घोळ असेल तर तेवढ्यात जगभर बोंब होते आणि दुरुस्ती यायला लागते.

पण तुमचा संगणक नुसता तुमचा नाही. त्यातून अख्ख्या पंचक्रोशीची आधार कार्डं, सातबारे, पासबुकाची पहिली पानं जातात. (स्कॅन केलेल्या त्या फाइली काम झाल्यावर पुसता ना? डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर 14' मध्ये गावाची आधार कार्डं पडलेली असतात, हे मी बऱ्याच केंद्रांत बघितलंय.) असा संगणक भोकं उघडी ठेवून चालवायचा नसतो. अपडेट घ्यायचंच, कधी घ्यायचं ते मात्र कंपनीच्या हातात ठेवायचं नाही. हर्णैला 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हाच होड्या वर ओढून डागडुजी करतात; भर समुद्रात जाळी टाकल्यावर कोणी इंजिन खोलून बसत नाही.

तुमच्या बंदीचा दिवस माझ्या मते शनिवार. तहसील कार्यालयाला शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे तुमच्याकडेही गर्दी कमी. दुसऱ्या मंगळवारनंतरचा शनिवार धरा. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटवर जाऊन 'पॉज अपडेट्स'मध्ये एक आठवडा निवडा. मंगळवारचं जे येईल ते तुमच्या परवानगीशिवाय आत येणार नाही. शनिवारी दुपारनंतर 'रिझ्यूम' दाबा, उतरू द्या, रीस्टार्ट करा, पुन्हा एकदा 'चेक फॉर अपडेट्स' दाबून काही उरलंय का बघा. जून-जुलैच्या ऐन धामधुमीत पाच आठवडेसुद्धा थोपवता येईल, पण थांबवायची मुदत संपली की आधी अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा थोपवू देत नाही. म्हणून मेच्या शनिवारी सगळं उरकून घ्यायचं आणि मग दाखल्यांना सामोरं जायचं.

तिथेच 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' आहेत. ते स्वयंचलित असतील तर काढून स्वतः भरा, सकाळी आठ ते रात्री दहा. अठरा तासांपर्यंत चालतं. एवढ्या वेळात विंडोज स्वतःहून रीस्टार्ट घेणार नाही. फाइली उतरवणं मात्र याने थांबत नाही, तिथे लोक फसतात.

उतरवणं थांबवायचं ते असं. फोनचा हॉटस्पॉट जोडल्यावर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या गुणधर्मांत जा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. म्हणजे विंडोजला कळतं की इथे नेट मोजून मिळतं, आणि ती हात आखडता घेते. केबलने फोन जोडत असाल तर संगणकाला ते इथरनेट वाटतं. तिथेही तोच पर्याय वेगळा चालू करावा लागतो. महिन्याचं अपडेट काहीशे एमबीपासून जीबीच्या पुढेही जातं, वर्षाकाठी येणारं मोठं अपडेट कित्येक जीबींचं. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर ते परवडत नाही. शनिवारी त्या दिवसापुरता जास्तीचा डेटा मारा, किंवा अपडेट लॅपटॉपचं असेल तर ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्या ओटीवर तासभर बसा. कोकणात चहा मिळेलच. आणि 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाचं एक खोडकर प्रकरण आहे, तिकडे लक्ष द्या. त्यात इंटरनेटवरच्या परक्या संगणकांशी देवाणघेवाण चालू असेल, तर तुमच्या डेटावर जगातल्या कुणाकुणाला अपडेटचे तुकडे पोचवले जातात. ते फक्त 'लोकल नेटवर्क'पुरतं ठेवा.

लाईटचं बघू. रीस्टार्टनंतर टक्के मोजत असताना लाईट गेली, तर बहुतेक वेळा विंडोज केलेलं काम उलटं फिरवून जुन्या जागी येते. तुमच्या पडद्यावर 'बदल मागे घेत आहोत' आलं ते हेच. भयंकर दिसलं तरी ती सुखरूप परतण्याची धडपड होती. त्या वेळी बटण दाबून पुन्हा बंद केलं तर मात्र खरंच बिघडू शकतं. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नका. लाईट जाताना तो पलटी मारायला जो क्षण घेतो तेवढ्यात डेस्कटॉप कधीकधी बंद पडतो. डेस्कटॉपला स्वतःचा छोटा यूपीएस हवा.

आणि तीस टक्के. ते आकडे सरळ रेषेत चालत नाहीत. तिसावर बराच वेळ थांबतात आणि मग एकदम साठावर उडी. डबड्यावरचा डिस्कचा लाल दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. पण दर महिन्याला तास-तास जात असेल तर दुखणं वेगळं असण्याची शक्यता आहे. टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कपुढे काय लिहिलंय ते वाचा. एचडीडी असेल तर ती फिरती, जुन्या पद्धतीची डिस्क आहे. तिच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घेतलीत तर हाच तास काही मिनिटांवर येईल, आणि रोजचा संगणकही पळायला लागेल. नवीन संगणक घ्या म्हणणाऱ्या दुकानदाराने हे आधी सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही ते तुम्ही ओळखा.

ठशांच्या मशीनचा प्रश्न जवळपास सगळ्याच केंद्रांचा आहे. अपडेटनंतर ड्रायव्हर (मशीनची संगणकाशी ओळख करून देणारा प्रोग्रॅम) किंवा आरडी सर्व्हिस (ठसा आधारच्या पडताळणीला पाठवणारा प्रोग्रॅम) अडखळते. मशीन काढून दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा, संगणक एकदा पूर्ण रीस्टार्ट करा. 'शटडाउन' करून पुन्हा लावणं म्हणजे रीस्टार्ट होत नाही बरं का. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज अर्धवट झोपलेलीच असते. तरी नाही चाललं तर कंपनीच्या अधिकृत साइटवरून ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस नव्याने बसवा. त्या दोन फाइली आणि प्रिंटरचा ड्रायव्हर एका पेन ड्राइव्हमध्ये आजच काढून ठेवा, कारण लागतात तेव्हा नेमकी रेंज नसते. अपडेटमध्ये 'ऑप्शनल' म्हणून ड्रायव्हर दिसले तर चालू मशीनला हात लावू नका. आणि अपडेटनंतर काहीतरी हटकून बिघडलंच, तर 'अपडेट हिस्ट्री'त 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे; शेवटचं काढून टाका, आठवडाभर थोपवा. शनिवारी हे सगळं झाल्यावर एक चाचणी ठसा घ्या, एक पान छापा. सोमवारी रांगेसमोर कळण्यापेक्षा बरं. शटर ओढायच्या आधी पडदा खरोखर काळा झालाय ना तेही बघा. 'अपडेट अँड शटडाउन' दाबलं तरी संगणक पुन्हा चालू होतो, ही खोड वर्षानुवर्षं होती आणि 2025 च्या अखेरीस कुठे दुरुस्त झाली.

आता तुमचा तो शहाणा लॅपटॉप. तो त्रास देत नाही, कारण त्याच्याकडे बघायला आता कोणी येत नाही. विंडोज 10 ला मोफत सुरक्षा अपडेटं देणं 2025 च्या 14 ऑक्टोबरला बंद झालं. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांच्यासाठी 2026 च्या 13 ऑक्टोबरपर्यंत जास्तीची मुदत जाहीर झाली. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्ज सिंक केल्या की पैसे न भरता ती मिळते. विंडोज अपडेटच्या पानावरच 'एनरोल'चा दुवा दिसतो का बघा. ती जेमतेम टेकू आहे. लॅपटॉपमध्ये टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) असेल आणि प्रोसेसर साधारण 2018 नंतरचा असेल तर विंडोज 11 बसेल. 'पीसी हेल्थ चेक' नावाचं मायक्रोसॉफ्टचंच ॲप ते तपासून सांगतं. बसत नसेल तर तो टायपिंगला आणि स्कॅनिंगला ठेवा, नेट काढून. लोकांचे अर्ज आणि पैशाचे व्यवहार त्याच्यावर अजिबात नकोत.

एक अवघड प्रश्न विचारते, रागावू नका. तुमच्या डेस्कटॉपवरचं विंडोज विकतचं आहे, की दुरुस्तीवाल्याने 'टाकून दिलेलं'? सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन'वर बघा. फुकट ॲक्टिव्हेट करणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅमांबरोबर काय काय आत येतं याचा हिशेब नसतो, आणि मग अपडेटची चर्चाच व्यर्थ आहे.

भाच्याने आधीच हात मारला असेल तर त्याच्याकडूनच निस्तरून घ्या. सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज अपडेट' डिसेबल केलं असेल तर 'मॅन्युअल'वर आणायचं, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत) खुडबुड केली असेल ती मागे घ्यायची, ब्लॉकर असेल तर काढायचा. तसंही विंडोजमध्ये 'मेडिक' नावाची एक सर्व्हिस असते, ती बंद केलेलं अपडेट अधूनमधून स्वतःच चालू करते. म्हणजे कायमचं बंद म्हणत म्हणत ते एखाद्या गर्दीच्या सकाळीच जागं व्हायचं. त्याला उत्साह असेल तर एसएसडी बसवायला लावा, यूपीएस आणायला लावा. इंजिनिअरिंगचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

रांगेतल्यांना सांगायचं ते पाटीवर लिहा आणि दाराला लावा: 'दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी दुपारी 2 नंतर संगणकाचे काम बंद. झेरॉक्स चालू.' आजोबांना मात्र तोंडीच सांगा, चष्मा घरी विसरून येतात ते.